चोखामेळा

संत चोखामेळा (मृत्यू : वैशाख वद्य ५, शके १२६०, इ.स. १३३८, मंगळवेढा) हे वारकरी संप्रदायातील चौदाव्या शतकातील संतकवी होत. ते महार जातीत जन्मले आणि आयुष्यभर गावकामगार म्हणून राबले. विठ्ठलाचे निस्सीम भक्त असूनही त्यांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. अस्पृश्यतेचा अनुभव तो भोगणाऱ्याच्याच शब्दांत मांडणारी मराठीतील ही सर्वांत जुनी उपलब्ध रचना मानली जाते. चोखोबा हे त्यांचे वारकऱ्यांमध्ये रूढ असलेले नाव. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा यांच्याही अभंगरचना उपलब्ध आहेत.

== काळ ==

चोखामेळ्यांचे आयुष्य देवगिरीच्या यादवांचा अस्त आणि दिल्लीच्या सुलतानांचा दक्षिणेतील अंमल या संधिकाळात गेले. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील पहिली स्वारी १२९६ मध्ये झाली. ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली तेही हेच वर्ष. पुढील पंचवीस वर्षांत यादवांची सत्ता पूर्णपणे संपली. राजसत्ता बदलली तरी गावगाडा मात्र तसाच चालू राहिला. चोखोबांच्या अभंगांत राजांची नावे येत नाहीत. येतात ती गावाची वेस, महाद्वार, उष्टे आणि विटाळ. ज्या सत्तेशी त्यांची रोज गाठ पडत होती, ती देवगिरीला किंवा दिल्लीला नसून गावातच होती.

याच काळात पंढरपूरभोवती निरनिराळ्या जातींतील संतांचा मेळा जमला. नामदेव शिंपी होते, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाई गंगाखेडच्या. त्यांपैकी अनेकांना जातीवरून हिणवले गेले, परंतु चोखामेळ्यांची स्थिती या साऱ्यांहून वेगळी होती. शिंप्याला किंवा कुंभाराला देवळात मागे उभे राहावे लागे. महाराला मात्र देवळाची पायरीही चढता येत नसे.

== जन्म आणि कुटुंब ==

परंपरेने चोखामेळ्यांचे जन्मस्थान बुलढाणा जिल्ह्याच्या देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा (मेहुणाराजा) हे गाव मानले जाते. काही चरित्रकार पंढरपूर किंवा मंगळवेढा परिसराचा उल्लेख करतात. त्यांच्या जन्मवर्षाची नोंद नाही. गावकुसाबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद ठेवण्याची त्या काळी कुणाला गरज वाटत नव्हती, हे त्यामागचे साधे कारण असावे.

त्यांचे लग्न सोयराबाईंशी झाले. सोयराबाईंचे भाऊ बंका यांचा विवाह चोखोबांची बहीण निर्मळा हिच्याशी झाला होता. निर्मळा आणि बंका मेहुण्यास राहत, तर चोखोबा व सोयराबाई पुढे मंगळवेढ्यास स्थायिक झाले. सोयराबाईंना बऱ्याच काळाने मुलगा झाला, त्याचे नाव कर्ममेळा. या बाळंतपणात चोखोबा घरी नव्हते आणि साक्षात विठ्ठलाने निर्मळेचे रूप घेऊन सोयराबाईंची सेवा केली, अशी कथा संतचरित्रांत येते. चमत्कार बाजूला ठेवला तरी अडलेल्या बाईजवळ कुणी नसण्याची त्या घराची वस्तुस्थिती कथेतून उरतेच.

मंगळवेढा हे पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवरचे जुने, भरभराटीचे नगर होते. चोखोबांच्या आधी सुमारे दीडशे वर्षे बसवेश्वरांनी कलचुरी राजा बिज्जल याच्या पदरी याच गावी नोकरी केली होती. बसवेश्वरांच्या शरण मंडळीत चर्मकार आणि ढोर समाजातील वचनकारांचा समावेश होता आणि त्यांनीही कन्नडमध्ये जातीच्या प्रश्नावर रचना केल्या. त्यांच्या वचनांचा चोखोबांशी थेट संबंध दाखवता येत नाही. तथापि ज्या गावाने जातिभेदाविरुद्धचा एक मोठा आवाज ऐकला होता, त्याच गावात दीड शतकानंतर वेठबिगारीने एका कवीचा बळी घेतला, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

== गावकामगाराचे जीवन ==

महार हे बलुतेदारांपैकी एक. गावाची राखण करणे, सीमेच्या वादात साक्ष देणे, निरोप व सरकारी ओझी पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढून नेणे आणि गावकूस पडल्यास ते बांधणे ही त्यांची परंपरेने ठरलेली कामे होती. मोबदला म्हणून बलुते, मृत जनावराचे मांस आणि घरोघरचे उष्टे अन्न मिळे. बोलावणे आले की नकार देण्याची मुभा नव्हती. ही व्यवस्था चोखोबांनंतर सहाशे वर्षांहून अधिक काळ टिकली. तिचे कायदेशीर रूप असलेले महार वतन १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आले.

या कामांपैकी एक काम चोखोबांच्या कवितेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. सीमेच्या तंट्यात महाराचा शब्द प्रमाण मानला जाई, कारण शेताचा बांध आणि गावाची शीव त्याला सर्वांपेक्षा अधिक ठाऊक असे. ज्याला देवळात पाऊल टाकता येत नव्हते, त्याची साक्ष मात्र जमिनीच्या वादात गावाला हवी असे. चोखामेळ्यांनी हेच साक्षीदाराचे काम जणू अभंगांतून चालू ठेवले. फक्त येथे तंटा जमिनीचा नव्हता आणि दाद मागायची होती ती देवाकडे.

== नामदेवांशी संबंध ==

चोखामेळ्यांनी नामदेवांना (१२७०–१३५०) गुरू मानले. नामदेवांचे जन्मगाव म्हणून आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी (नर्सी नामदेव) प्रसिद्ध आहे. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे नामदेवांना विसोबा खेचरांकडून उपदेश मिळाला असे परंपरा सांगते. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाक्यापाशी मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो. नामदेवांचे नर्सी आणि चोखोबांचे मेहुणा ही दोन्ही गावे याच सीमापट्ट्यात येतात. एक मराठवाड्याच्या बाजूला, दुसरे विदर्भाच्या. दोघांच्याही कवितेचे केंद्र मात्र या पट्ट्यापासून फार दूर, भीमेच्या काठी आहे.

औंढ्याची एक कथा चोखोबांच्या संदर्भात मुद्दाम लक्षात घ्यावी लागते. नागनाथाच्या देवळापुढे नामदेव कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठवून मागच्या बाजूस पाठविले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, असे सांगतात. देवळातून जातीमुळे उठविले जाण्याचा हा अनुभव नामदेवांच्या हिंदी पदांतही आला आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांत या प्रसंगाचा उल्लेख सापडतो. स्वतः दारातून परत फिरविले गेलेल्या गुरूने दाराबाहेरच्या शिष्याला जवळ केले, असे या नात्याकडे पाहता येते. मात्र दोघांच्या कथांतील फरकही ठळक आहे. नामदेवांसाठी देऊळ फिरले. चोखोबांच्या कथांत देव स्वतः बाहेर येतो, पण देऊळ जागचे हलत नाही.

== पंढरपूर आणि उंबरठा ==

चोखोबा मंगळवेढ्याहून पंढरपूरला वारंवार येत. मंदिरात शिरण्यास मनाई असल्याने ते महाद्वारासमोर उभे राहून नामस्मरण करीत. पुढे त्यांनी चंद्रभागेच्या पैलतीरी दीपमाळ उभारली आणि तेथूनच विठ्ठलाची सेवा केली, अशी परंपरा आहे.

महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या 'भक्तविजय' या ग्रंथात व नंतरच्या चरित्रांत त्यांच्या अनेक कथा आल्या आहेत. विठ्ठलाने चोखोबांना हाताला धरून गाभाऱ्यात नेले. देवाच्या गळ्यातील हार चोखोबांच्या गळ्यात दिसल्याने त्यांच्यावर चोरीचा आळ आला. देव त्यांच्या घरी जेवावयास आला. मेलेले जनावर ओढताना देवाने हात लावला. या कथांमध्ये एक ठरावीक क्रम आढळतो. देव जवळ येतो, पुजारी शिक्षा करतात आणि अखेरीस चमत्काराने पुजाऱ्यांचे डोळे उघडतात.

अभंगांत हा शेवटचा भाग बहुधा येत नाही. हार गळ्यात कसा आला म्हणून मारहाण होत असल्याचे चोखोबा एका अभंगात सांगतात आणि विठ्ठलाला धावून येण्याची विनवणी करतात. आपला अपराध काय, असे विचारतात आणि अभंग तेथेच संपतो. पुजाऱ्यांना पश्चात्ताप झाल्याचे त्यात नाही. चरित्रकारांनी कथा पूर्ण केली, कवीने ती अपुरीच ठेवली. चोखोबांचे वाचन करताना संतचरित्रे आणि अभंग वेगळे ठेवणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

== अभंगरचना ==

चोखामेळ्यांचे अभंग लहान, सरळ आणि बोलीला जवळचे आहेत. ज्ञानेश्वरांसारखे रूपकांचे विणकाम किंवा नामदेवांसारखा आख्यानाचा विस्तार त्यांत नाही. त्यांपैकी मोठा भाग विठ्ठलाचे रूप, नामाचा महिमा आणि पंढरीचे वर्णन यांनी व्यापला आहे. या बाबतीत ते आपल्या काळच्या इतर संतांच्या रचनांसारखेच आहेत. त्यांचे वेगळेपण उरलेल्या अभंगांत आहे. हे अभंग संख्येने कमी असले तरी चोखोबांची ओळख त्यांवरच उभी आहे.

=== तक्रार आणि साक्ष ===

या अभंगांत बोलणारा माणूस आपल्यावर काय बेतते ते सांगतो. लोक दूर हो म्हणून ओरडतात. सेवा करायची तर कशी करायची, हे कळत नाही. दारात उभे राहावे लागते. भूक लागल्यावर उष्ट्याची वाट पाहावी लागते. हे सारे तो तिसऱ्याला सांगत नाही, विठ्ठलाला सांगतो, आणि त्या सांगण्यात आर्जवाबरोबरच जाब विचारणेही असते. जन्म तूच दिलास, मग दूर का लोटतोस, हा त्यांचा वारंवार येणारा प्रश्न आहे.

ही कविता अन्यायाचे तत्त्वज्ञान मांडत नाही. ती प्रसंग, जागा आणि देहाला झालेला त्रास नोंदविते. मध्ययुगीन महाराष्ट्रातील ताम्रपट, शिलालेख आणि महानुभावांचे गद्य ग्रंथ यांत गावकुसाबाहेरच्या माणसांचा उल्लेख आढळला तरी ते स्वतः बोलताना क्वचितच ऐकू येतात. त्या काळातील अस्पृश्यतेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांना चोखोबांच्या अभंगांकडे वळावे लागते ते यामुळेच.

=== विटाळाचा प्रश्न ===

तक्रारीच्या पुढे जाऊन युक्तिवाद करणारे अभंगही आहेत. त्यांपैकी सर्वांत धारदार विटाळाविषयीचे होत. माणूस विटाळातच जन्मतो, देह विटाळातूनच घडतो, पंचमहाभूतांना तो चुकलेला नाही, तर मग सोवळा कोण आणि ओवळा कोण, असा चोखोबांचा मुद्दा आहे. एका रचनेत ते वेद, शास्त्रे, पुराणे आणि देव यांनाही या यादीत आणतात. विटाळाची कल्पना ते नुसती नाकारीत नाहीत. ती इतकी सार्वत्रिक करून दाखवितात की तिच्या आधारे एकाला आत आणि दुसऱ्याला बाहेर ठेवणे अशक्य व्हावे. शिक्षण नाकारलेल्या माणसाने रचलेला हा युक्तिवाद आहे.

दुसऱ्या एका प्रसिद्ध अभंगात ऊस, नदी आणि धनुष्य यांचे दाखले घेऊन बाहेरचा आकार आणि आतला गुण वेगळे असतात, असे सांगितले आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतून आणि कीर्तनांतून हा अभंग घरोघरी पोहोचला. त्याचा अर्थ सर्वसाधारण नीतिबोध म्हणून सांगण्याचा प्रघात पडला आहे. वाकडा, डोंगा म्हणून कुणाला हिणवले जात होते, हे मात्र अशा वेळी हमखास विसरले जाते.

=== जोहार ===

चोखोबांनी जोहार नावाने काही अभंग रचले. जोहार हा महारांनी वरिष्ठांना करावयाचा ठरलेला नमस्कार. राम राम म्हणण्याची त्यांना मुभा नसे, दुरून वाकून जोहार करावा लागे. चोखोबा या रचनांत विठ्ठलाच्या घरचा महार म्हणून जोहार घालतात आणि गावच्या हिशेबाची, कारभाराची, राखणीची भाषा परमार्थासाठी वापरतात. धन्याच्या दारी हजर असलेला नोकर सगळा जमाखर्च मांडतो, तशी त्यांची रचना असते. ही दास्याची कबुली की दास्याच्या भाषेचा ताबा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्ही वाचने मजकुरात बसतात. निश्चित एवढेच की, पाटलासमोर जो शब्द सक्तीने उच्चारावा लागत होता, तो येथे कवीने स्वेच्छेने आणि पाटलाच्याही वरच्या धन्यापुढे उच्चारला आहे. पुढे एकनाथांनीही जोहाराची भारुडे लिहिली. त्यांत महाराची भूमिका ब्राह्मण कवीने घेतलेली आहे.

=== पूर्वकर्माचे अभंग ===

गाथेत याच्या उलट सूर लावणाऱ्या रचनाही आहेत. पूर्वजन्मी कृष्णाची निंदा केल्यामुळे हा जन्म मिळाला, असे कारण एका अभंगात दिले आहे. उष्टे मिळण्यातच समाधान मानणाऱ्या ओळीही आढळतात. चोखोबांना बंडखोर ठरविणारे लेखक या रचना टाळतात आणि शरणागत ठरविणारे नेमक्या याच पुढे करतात. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारच्या रचना एकाच गाथेत शेजारी शेजारी आहेत. ज्या समाजाने कर्मसिद्धान्ताखेरीज दुसरे स्पष्टीकरणच उपलब्ध ठेवले नव्हते, त्या समाजातील पीडित कधी ते स्पष्टीकरण मान्य करतो आणि कधी त्याला धक्का देतो, यात विसंगती मानण्याचे कारण नाही. शिवाय गाथेतील प्रत्येक अभंग चोखोबांचाच आहे, असेही खात्रीने म्हणता येत नाही.

== कुटुंबातील कवी ==

एकाच अस्पृश्य कुटुंबातील पाच जणांच्या रचना मिळाव्यात, असे मध्ययुगीन भारतीय साहित्यात दुसरे उदाहरण सहज सापडत नाही.

सोयराबाईंचे साठांहून अधिक अभंग उपलब्ध आहेत. त्या स्वतःची ओळख चोखोबांची महारी अशी देतात. विटाळाच्या प्रश्नावर त्या पतीच्या पुढे जातात. विटाळाशिवाय देह कुठे असतो, हा प्रश्न स्त्रीने विचारला की त्याला दुहेरी अर्थ येतो, कारण जातीचा आणि मासिक धर्माचा असे दोन्ही विटाळ तिच्या वाट्याला आलेले असतात. किशोरी आमोणकर यांनी गायिलेल्या एका भैरवीमुळे सोयराबाईंचे नाव संगीतप्रेमींपर्यंत पोहोचले. मात्र त्या अभंगात अद्वैताचा आनंद आहे, बाकीच्या सोयराबाई अजूनही फारशा वाचल्या जात नाहीत.

कर्ममेळ्याचे पंचवीस-तीस अभंग मिळतात आणि ते साऱ्या कुटुंबात सर्वांत कडवट आहेत. आम्हांला हीन केलेस, उष्टे खायला लावलेस, याची तुला लाज कशी वाटत नाही, असे तो देवाला विचारतो. वडिलांच्या अभंगांत आर्जव आणि जाब एकत्र असतात, मुलाच्या अभंगांत आर्जव जवळजवळ संपले आहे. एका पिढीत बदललेला हा सूर दलित साहित्याच्या अभ्यासकांना विशेष जवळचा वाटला.

निर्मळेचे अभंग थोडे असून भावाला गुरुस्थानी मानणारे आहेत. बंकांनी चोखोबांच्या आयुष्यातील प्रसंग आणि त्यांच्या घरी देव आल्याच्या कथा अभंगबद्ध केल्या.

== मृत्यू आणि समाधी ==

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू होते. रिवाजाप्रमाणे महारांना वेठीस धरून कामावर लावण्यात आले आणि चोखोबाही त्यांत होते. काम चालू असताना भिंत कोसळली आणि अनेक मजूर तिच्याखाली गाडले गेले. चोखोबांचा त्यातच अंत झाला. त्या काळी गावकुसाच्या आत महारांना राहता येत नसे. ज्या भिंतीने त्यांना बाहेर ठेवले होते, तीच बांधताना ते मरण पावले.

ही वार्ता कळल्यावर नामदेव मंगळवेढ्यास आले. ढिगाऱ्यातील अस्थींपैकी ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, अशी परंपरा आहे. कथेतील चमत्कार वगळला तरी तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मृतांची संख्या मोठी होती आणि बराच काळ कुणी त्यांना बाहेर काढले नव्हते. बाकीच्या मजुरांची नावे कोणत्याही चरित्रात आलेली नाहीत.

नामदेवांनी अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. बारा वर्षांनी, १३५० मध्ये, नामदेवांनीही त्याच महाद्वारी देह ठेवला. ती जागा नामदेव पायरी म्हणून ओळखली जाते. आज मंदिरात जाणारा वारकरी आधी चोखोबांच्या समाधीचे दर्शन घेतो, मग नामदेव पायरीला हात लावून आत जातो. समाधी मंदिरासमोर असली तरी ती उंबरठ्याबाहेरच आहे.

== अभंगांचे लेखन आणि संकलन ==

चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे संतपरंपरेत सांगितले जाते. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहिले याची यादी देणारी एक जुनी रचना जनाबाईंच्या नावावर आहे, तिच्यात हे नाव येते. पुढील काही शतके हे अभंग मुख्यतः वारीत, भजनी मंडळांत आणि कीर्तनकारांच्या वह्यांत टिकले. अशा प्रवासात शब्द बदलतात, काही रचना गळतात, काही नव्या जोडल्या जातात. मुखोद्गत परंपरेतील कोणत्याही कवीला हे लागू आहे. परंतु ज्याला स्वतःचे शब्द लिहिता-तपासता येत नव्हते, त्याच्याबाबत त्याचा परिणाम अधिक खोल असणार. विसाव्या शतकाच्या आरंभी त्र्यंबक हरी आवटे यांच्या सकल संतगाथेसारख्या संग्रहांतून चोखोबा आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या रचना एकत्रित छापील रूपात आल्या. इंग्रजी वाचकांपर्यंत त्या पोहोचविण्यात एलिनॉर झेलियट यांचे संशोधन आणि रोहिणी मोकाशी-पुणेकर यांचा अनुवादसंग्रह यांचा मोठा वाटा आहे.

== आधुनिक काळातील प्रभाव ==

अस्पृश्यांच्या चळवळीने विसाव्या शतकात प्रथम चोखोबांना आपले प्रतीक मानले. नागपूरचे कवी व कार्यकर्ते किसन फागोजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनी चोखामेळ्यांच्या नावाने शाळा काढली आणि वृत्तपत्रही चालविले. संत गाडगेबाबांनी पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. अस्पृश्य वारकऱ्यांना गावात उतरण्यास जागा मिळत नसे, त्यामुळे या इमारतीची गरज अगदी व्यावहारिक होती. पुढे गाडगेबाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

बाबासाहेबांची चोखोबांविषयीची भूमिका एकसुरी नव्हती. त्र्यंबक येथे चोखोबांचे मंदिर बांधण्याचा विचार पुढे आला तेव्हा, अस्पृश्यता नष्ट करणे हेच त्यांचे खरे स्मारक होईल, अशी दिशा त्यांनी दिली. संतांनी देवापुढे सारे समान मानले, पण माणसामाणसांतील जातिभेदावर घाव घातला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तरीही १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील आपला इंग्रजी ग्रंथ त्यांनी तमिळ परंपरेतील नंदनार, काशीचे रविदास आणि महाराष्ट्राचे चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. ज्याच्या मार्गाविषयी शंका आहे त्याच्या दुःखाविषयी आदर बाळगता येतो, हे त्या अर्पणपत्रिकेतून दिसते.

पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवसांचे उपोषण केले. त्याआधी त्यांनी या मागणीसाठी महाराष्ट्रभर दौरा करून सभा घेतल्या होत्या. उपोषणानंतर मंदिराची दारे खुली होण्याचा मार्ग मोकळा झाला. चोखोबांच्या मृत्यूला तेव्हा ६०९ वर्षे झाली होती.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या समाजात चोखोबांचे स्थान मागे पडले. विठ्ठलभक्ती नव्या धर्मात बसणारी नव्हती आणि दारात ताटकळणाऱ्या भक्ताची प्रतिमा स्वाभिमानाच्या चळवळीला अडचणीची वाटली. १९६० नंतर बहरलेल्या दलित साहित्याने आपली परंपरा फुले-आंबेडकरांपासून आणि बुद्धापासून सांगितली. चोखोबांना पहिले दलित कवी म्हणावे की नाही, हा वाद तेव्हापासून चालू आहे. विरोधकांचे म्हणणे, त्यांच्या कवितेत विनवणी आहे, बंड नाही. समर्थक विटाळाचे अभंग आणि कर्ममेळ्याची रचना यांकडे बोट दाखवितात. बंड करण्याच्या शक्यता चौदाव्या शतकात कोणत्या होत्या, हा प्रश्न या वादात पुरेसा विचारला गेलेला नाही. शिक्षण नाही, संघटना नाही, कायदा नाही, धर्म बदलला तरी वेठ सुटत नाही, अशा स्थितीत आपल्यावर काय होते ते स्वतःच्या नावानिशी सांगणे आणि ते सहाशे वर्षे लोकांच्या तोंडी राहील असे सांगणे, एवढेच त्यांच्या हाती होते.

== लोकप्रिय माध्यमांत ==

चोखोबांच्या जीवनावरील 'जोहार मायबाप' हा राम गबाले दिग्दर्शित मराठी चित्रपट १९५० मध्ये प्रदर्शित झाला. त्यात चोखामेळ्यांची भूमिका पु. ल. देशपांडे यांनी केली होती.

जितेंद्र अभिषेकी यांनी गायिलेला, पंढरीत उधळल्या जाणाऱ्या गुलालाचा अभंग चोखोबांच्या रचनांपैकी आज सर्वाधिक ऐकला जातो. आषाढी एकादशीला तो आकाशवाणीपासून गणेशमंडळांच्या ध्वनिक्षेपकांपर्यंत सर्वत्र वाजतो. रंगांचा आणि नाचाचा हा अभंग असला तरी त्याच्या आरंभीच, जातीमुळे उंबरठ्याला शिवता येत नाही, हे कवी सांगून टाकतो. चाल इतकी प्रसन्न आहे की हे कडवे अनेकांच्या कानांवरून निघून जाते.

== समाधिस्थळे व यात्रा ==

पंढरपूर येथील समाधीखेरीज मंगळवेढा आणि मेहुणाराजा येथे चोखोबांची स्मारके आहेत. वैशाख वद्य पंचमीस पुण्यतिथी पाळली जाते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला जाताना विदर्भातून हिंगोली जिल्ह्यात उतरते आणि वारीच्या शेवटच्या टप्प्यात मंगळवेढ्यावरून जाते.